सक्तीच्या विषयाचे गेडाम सर

सर, तुम्ही गेल्यावर आपल्या कॉलेजनं तुमचं नाव वापरून पहिल्या वर्षाच्या अख्ख्या वर्गाला फसवलं. त्या वर्गात माझी मुलगी प्रज्ञा आहे.

पर्यावरणाच्या पेपरचा प्रकल्प यंदा झालाच नाही. सप्टेंबरात तुम्ही गेलात, तोवर तुमचे चार तास झाले होते. नंतर त्या वर्गावर कोणी फिरकलं नाही. निकाल लागला तेव्हा प्रत्येक पोराच्या नावापुढे प्रकल्पाचे वीसपैकी अठरा गुण होते. हुशार, ढ, कधीच न आलेला, सगळ्यांना अठरा. प्रज्ञानं मोबाइलवर दाखवलं, तशी मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन गुणांचा तक्ता मागितला. प्रकल्पाच्या भेटीची तारीख ऑक्टोबरची. मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव. नावाखाली सही. तुम्ही माझी पहिली फाइल परत केलीत ती पहिल्या पानावर सही करून, आणि दुसरी तपासलीत तीही तशीच. तुमची सही मी ओळखते. ही तुमची नाही.

हे भांडण मी करणार आहे, त्याची काळजी करू नका. पण आधी तुमच्याशी बोलायचं आहे. आपला वाद अर्ध्यावर राहिला. त्या वादात मी केव्हाच हरले होते, आणि ते तुम्हाला सांगायचं मी मुद्दाम टाळत आले.

तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्या वर्गात आले तेव्हा चौतीस वर्षांची होते. बारावीनंतर लग्न झालं होतं. पोंभुर्ण्याच्या बाजारात जमिनीवर फडकं अंथरून डिंक आणि हिरडा विकण्यापासून सुरुवात केली, आणि तोवर चारोळीचं गोदाम स्वतःच्या नावावर केलं होतं. नागपूरचा एक पोरसवदा व्यापारी करार करायला आला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, सोबत शिकलेलं कोणी आहे का?" त्याला चहा न देता घालवला आणि जूनमध्ये बी.कॉम.ला नाव घातलं. वैनगंगेचा पूल ओलांडून रोज कॉलेजात यायचे, दुपारनंतर परत गोदामात. माझ्याजवळ वेळ मोजका होता. हिशेबाचा तास, कायद्याचा तास, बँकेचा तास, हे मी घासाघीस न करता घेतले. त्यांच्यासोबत पर्यावरण गळ्यात पडलं. त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही.

तुमच्या पहिल्याच तासाला मी उभी राहिले होते. सोमवारचा शेवटचा तास. अर्धा वर्ग बसस्टँडवर पोचलेला.

"सर, मी व्यापारीण आहे," मी म्हटलं. "दुकानदार साखरेसोबत न खपणारा साबण बांधून देते, म्हणते दोन्ही घ्या नाईतर साखर मिळणार नाई. तुमचा विषय तो साबण आहे का?"

पोरं हसली. तुम्ही चिडाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही खडू खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, घरी नेल्यावर त्या साबणाचं काय करता?"

"वापरतो. फेकून थोडीच देणार?"

"मंग वापरून पाहा. नाई निघाला मळ तर परत आणा."

त्या दिवसापासून तुम्ही मला शेठाणी म्हणायला लागलात. मला ते आवडायचं, हेही कधी बोलले नाही.

प्रकल्पाच्या वेळी मी सगळ्यांनी केलं तेच केलं. झेरॉक्सवाल्याकडे तयार फाइली मिळायच्या, जलप्रदूषण, वायुप्रदूषण, प्लास्टिक. पोरं सांगेल त्या किमतीला घ्यायची. मी भाव पाडून घेतली आणि वर प्लास्टिकचं कव्हर फुकट लावून घेतलं. फार खूश होते. तुम्ही फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"शेठाणी, पुण्याले कधी गेल्या होत्या?"

"मी काऊन जाऊ पुण्याले?"

"इथी लिहिलं आहे, मी स्वतः मुठा नदीच्या काठावर उभं राहून पाण्याचे नमुने घेतले. रोज वैनगंगा ओलांडून येता, अन् घाण दिसली ती मुठेची?"

मी म्हटलं सगळ्यांच्या फाइली तिथल्याच आहेत. तुम्ही म्हणालात, माहीत आहे, सगळ्यांच्या परत करून राह्यलो. मी फाइल टेबलावर आपटली. पदवी अडवाल का, म्हणून विचारलं. प्राचार्यांकडे अर्ज करते म्हणाले.

आणि तुम्ही काय केलंत? दुसऱ्या दिवशी माझ्या अर्जाचा कच्चा मसुदा मागितलात आणि स्टाफरूमच्या बाकावर बसून दुरुस्त केलात. स्वतःविरुद्धचा अर्ज. "प्राचार्यांच्या हाती काही नाई, पेपर वरून आला आहे, विद्यापीठाले लिहा," म्हणालात. रागाची तीन वाक्यं काढलीत. आणि शेवटी बोट ठेवून म्हणालात, "इथी लिहा, उत्तर कोणी द्यायचं अन् कधीपर्यंत. ते नसलं तर अर्ज होत नाई, नुसतं रडगाणं होते."

मी तो अर्ज खरोखरच पाठवला, सर. उत्तर आलं नाही. पण त्यानंतर मी जे अर्ज केले, वनखात्याला, बँकेला, वीज कंपनीला, त्यांच्या शेवटी ती ओळ होती. बहुतेकांची उत्तरं आली.

प्रकल्पाची तुमची अट साधी होती. आपल्या घरातून जाणारी एक वस्तू धरायची आणि ती जिथून आली तिथपर्यंत मागे चालत जायचं. मी म्हटलं, चारोळी. माझा धंदाच तो, मला कुठे जायची गरज नाही, आता बसून लिहून देते.

"दहा भेटी," तुम्ही म्हणालात.

"दहा? सर, सीझन आहे."

"आठ."

"दोन."

"शेठाणी, दोनमध्ये तर ड्रायव्हर बी रस्ता शिकत नाई. पाच करा."

तीनवर तोडलं. बाहेर येऊन मी मैत्रिणीला सांगितलं, मास्तर कच्चा आहे, दहावरून तीनवर आणला. गाव तुम्ही सांगितलं, आलापल्लीच्या पुढचं, रस्ता संपतो तिथलं. मी तिथून माल उचलायचे, पण गावात कधी उतरले नव्हते. गाडी सडकेवर उभी करायची, माल चढवायचा, निघायचं.

पहिल्या भेटीत मी दोन तास बसून आले आणि काहीच कळलं नाही. दुसऱ्या भेटीत जुरीबाई भेटली. अंगणात जात्यावर चारोळीच्या बिया भरडत होती. बी फुटायची, आत सुरकुतलेला, चिमटीत न येणारा दाणा. नुसती टरफलं.

"असा काऊन निघते?" मी विचारलं.

"कच्चा तोडला म्हणून."

"मंग काऊन तोडता कच्चा?"

जातं थांबवून तिनं मला वरून खालून पाहिलं. "तू तेच बाई ना, जे सगळ्याच्या आधी गाडी घेऊन येते?"

मी हो म्हटलं. त्याचा मला अभिमान होता. सगळ्यांच्या आधी पोचणं हीच माझी हुशारी होती.

मग तिनं सांगितलं. नवं फळ आलं की गावात पंडुम होतो. गावचा पुजारी देवाला नवं फळ दाखवतो, मग गाव खातं. तोवर कोणी हात लावत नाही, लेकरूसुद्धा नाही. चारोळीच्या फळाला तिकडे चार म्हणतात; तोवर तो झाडावर पिकून काळा होतो, आपोआप पडतो, फांदी मोडावी लागत नाही. "तू आधी येते, मंग दुसरा तुझ्या आधी येते. पोट्टे म्हणते, आपण नाई तोडलं तर बाजूचा गाव तोडंल. फांदीच तोडून आणते. पंडुमच्या दिवशी झाडावर देवाले दाखवाले फळ नाई राहत."

"किती दिवसांपासून असं आहे?"

"तुझी गाडी आली तवापासून," ती म्हणाली आणि पुन्हा जातं फिरवायला लागली.

सर, मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत. बाजारात बसणाऱ्या बाईला त्या ऐकाव्याच लागतात, आणि मी दुप्पट करून परत देते. जुरीबाईनं शिवी दिली नव्हती. निघताना तिनं विचारलं, "आमचा मास्तर बरा हाय का? सायकलनं शाळेत जाये इथूनच." तेव्हा मला कळलं की ते तुमचं गाव. तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं. पंडुम, कच्चा माल, सडकेवर उभी राहणारी माझी गाडी. तुम्ही मला पाच मिनिटांत सांगू शकला असता. नाही सांगितलंत. सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, आणि वादात जिंकले असते.

तिसरी भेट पंडुमच्या दिवशी झाली. द्रोणात मोजके चार आले, आतल्या रानातून शोधून आणलेले, काळे, मऊ. मीही खाल्ले. सात वर्षं चारोळीचा व्यापार केला होता आणि पिकलेला चार त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घातला.

अकरा पानांची फाइल मी स्वतःच्या अक्षरात लिहिली. तुम्ही बारा गुण दिलेत.

बारा! अजून राग येतो. मी तुमच्या टेबलासमोर उभी राहून पंधरा मागितले. नंतर चौदा. तुम्ही हात जोडलेत. "इथी भाव होत नाई, शेठाणी. जुरीबाईचं सगळं लिहिलं, चांगलं लिहिलं. तुम्ही काय करणार ते एका ओळीत नाई. आठ गुण त्याचे आहेत." वर म्हणालात, "अन् भेटीचं सांगून टाकतो. मले एकच पाह्यजे होती. दहा म्हणलो म्हणून तीन झाल्या."

गोदामात जाऊन मी सगळी पोती पुन्हा मोजायला लावली. मला, बाजारात वाढलेल्या बाईला, तासिका तत्त्वावरच्या मास्तरानं सौद्यात गुंडाळलं होतं.

त्या आठ गुणांचं पुढं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पुढच्या हंगामात मी चार गावांत जाऊन शब्द दिला, पंडुम होईपर्यंत माझी गाडी येणार नाही, झाल्यावर मात्र निघेल तेवढा सगळा माल मी घेईन. बाकीचे व्यापारी हसले. पहिलं वर्ष अवघड गेलं. मग भरलेला, टपोरा दाणा नागपुरात पोचला आणि तोच पोरसवदा व्यापारी, आता पोट सुटलेला, गोदामाच्या पायरीवर येऊन बसला. या वेळी त्याला चहा दिला. सगळीकडे असं झालं नाही. इतर गावांत अजून कच्चा चार तोडतात, अजून फांद्या मोडतात. पण त्या चार गावांत पंडुमच्या दिवशी झाडावर फळ असतं. हिशेबाच्या तासानं मला हिशेब शिकवला, त्याचे उपकार आहेतच. धंदा मात्र सोमवारच्या शेवटच्या तासानं वाचवला.

हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. उलट दरवर्षी तुम्ही नवा वर्ग घेऊन गोदामात यायचात, पोरांना दोन पोत्यांतला दाणा हातात घ्यायला लावायचात, एक कच्च्याचा, एक पिकल्याचा. पोरं विचारायची, बाई, तुम्ही उशिरा घ्यायला कशा लागल्या? मी म्हणायचे, "धंद्याची अक्कल. तुमच्या सरांचा विषय तर साबण आहे, साखरेसोबत बांधलेला." तुम्ही मागं उभे राहून हसायचात. एकदाही खोडून काढलं नाहीत. आज वाटतं, एकदा तरी खोडून काढायला हवं होतं.

एकदा मी विचारलं होतं, "सर, इतकी वर्षं झाली, पर्मनंट केव्हा होणार?" सुट्ट्यांत तुम्हाला पगार नसायचा, दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यावी लागायची, तीही या विषयाचं पुस्तक कधी न उघडलेल्यांपुढे.

"वाणिज्याले जागा आहे," तुम्ही बोटांवर मोजत म्हणालात, "भूगोलाले आहे, मराठीले आहे. हा विषय सगळ्या पोट्ट्यांले आहे, म्हणून कोण्याच विभागाचा नाई."

"मंग तुम्ही कोण?"

"मी? मी साबण."

दोघंही हसलो. मी जास्त हसले. त्याची मला लाज वाटते.

जुलैत तुमचा फोन आला होता. आता नवा अभ्यासक्रम आलाय, म्हणालात, विज्ञानवाल्याला कलेचं थोडं घ्यावं लागतं, कलावाल्याला विज्ञानाचं, मूल्यशिक्षण आहे, पर्यावरण आहे, प्रकल्प आहे, सगळं कागदावर चांगलं आहे. "शिकवाले माणूस दिला तर लय चांगलं आहे," असं म्हणालात. मग विचारलंत, "प्रज्ञा यंदा आली ना वर्गात? तिले सांगा, आईच्या गोदामाची फाइल चालणार नाई. आईचं सोडून दुसरी वस्तू धराले सांगा." पावसाळा ओसरला की पोट्टे घेऊन येतो म्हणालात. मी दोन पोती बाजूला काढून ठेवली. ती अजून तिथंच आहेत, कच्च्याचं आणि पिकल्याचं. हमाल विचारतो, बाई, हे कोणाले द्यायचे? मी त्याच्यावर ओरडते.

चंद्रपूरच्या दवाखान्यातून तुम्हाला गावी नेलं तेव्हा मी आले होते. जुरीबाई आता वाकली आहे. तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि बराच वेळ हात सोडला नाही. कॉलेजातून दोघं आले होते. कॉलेजात शोकसभा झाली, प्राचार्य म्हणाले, कधीही भरून न येणारी हानी. मला ते पटलं होतं. त्यांनी ती तक्त्यात अठरा-अठरा लिहून भरून काढली, हे नंतर कळलं.

प्रज्ञा आधी म्हणाली, "आई, मिळाले ना गुण? कायले भांडते? बाकीच्यांचे आई-बाप कोणी आले का?" मी तिला त्या खोट्या सहीचं सांगितलं. रविवारी तिनं माझी जुनी फाइल मागितली. अकरा पानं वाचायला तिला दुपार लागली. मग पहिल्या पानावरचा तुमचा लाल आकडा दाखवत म्हणाली, "तुले बारा मिळाले होते?"

"हो. भांडूनही बाराच."

"अन् मले अठरा. मी तर काहीच केलं नाई." फाइल मिटून म्हणाली, "आई, हे अठरा मले परत करता येते का?"

सर, तुम्ही असता तर त्या प्रश्नाला काय म्हणाला असता? मी तिला एवढंच सांगितलं की दोन्ही पोती गोदामात आहेत, हवं तर तुझ्या मैत्रिणींना घेऊन ये. त्या आल्या होत्या, सहाजणी. दाणे हातात घेतले. मी त्यांना पहिल्यांदाच खरं सांगितलं, की ही अक्कल धंद्याची नाही, गेडाम सरांची आहे. सांगताना तुम्ही मागं उभे नव्हता.

तुमच्यासारखं मला शिकवता येत नाही. मी फार लवकर उत्तर सांगून टाकते. त्या विषयाला माणूस लागतो, आणि तो कॉलेजनं द्यायचा आहे.

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, क्रेडिट अडलं असतं. आम्ही पोरांचं वर्ष वाचवलं." सही कोणाची, विचारलं. म्हणाले, ती प्रशासकीय बाब आहे. बाहेर कारकून भाऊ दाराशी हळूच म्हणाला, "बाई, सोडा ना जी. असा विषय सगळीकडे असाच चालते." मी त्याला विचारलं, पोरगा पास नाही झाला तर पदवी अडवता, मग शिकवणारा नसला तर कॉलेजचं काय अडवता? तो बिचारा चष्मा पुसत राहिला. त्याच्या हाती काही नाही, मला माहीत आहे.

म्हणून हे लिहिलं, आणि हेच प्राचार्यांकडे अर्ज म्हणून देणार आहे. रागाची वाक्यं तुम्ही असता तर काढली असती. मी एकच काढलं, बाकीची राहू देते. शेवट मात्र तुमच्या पद्धतीनं करते.

गेडाम सरांच्या नावाखाली सही कोणी केली, आणि न झालेल्या प्रकल्पाचे गुण कोणाच्या सांगण्यावरून दिले, याचं उत्तर प्राचार्यांनी स्वतः द्यावं. मला नको, वर्गाला द्यावं. पुढच्या सोमवारी, शेवटच्या तासाला, सर उभे राहायचे त्या जागी उभं राहून.